शिट्टी न वाजवणारे मास्तर

हरेश्वर मास्तरांनी मला फसवलं. माझ्या मुलीला दम्याचा त्रास आहे, हे त्यांना चार महिने माहीत होतं आणि त्यांनी ते माझ्यापासून लपवलं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून काही लोक म्हणतील की माणूस चांगला आहे. असेल. चांगल्या माणसानं फसवलं तरी त्याला फसवणंच म्हणतात.

तर हे मास्तर मुलींना बास्केटबॉल शिकवतात आणि शिट्टी वाजवत नाहीत. गळ्यात शिट्टी नसलेला कोच मी तरी पहिल्यांदाच पाहिला. त्यांच्या हातात सायकलची घंटा असते. सायकल कधीच भंगारात गेली, घंटा तेवढी उरली. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की पळायचं, आणि वाजतच राहिली की पाणी प्यायला बसायचं. माझ्या वखारीत रोज दुपारी साडेचार ते सहा ही घंटा चालायची आणि रस्त्यानं जाणारं कोणीतरी रोज कुल्फीवाला आलाय समजून फाटकातून डोकावायचं. मास्तर त्यालाही म्हणायचे, या, बसा, बघा.

वखार गवताची आहे. तलासरीकडच्या डोंगरातल्या गावांतून गवत घ्यायचं, दाबून गठ्ठे बांधायचे आणि ट्रकनं मुंबईकडच्या तबेल्यांना पाठवायचे, हा माझा धंदा. वडिलांची भात-नागलीची शेती होती, त्यात आम्हा चौघा भावांचं पोट भरेना. मी डोक्यावर भारे वाहून सुरुवात केली. आज सरावलीच्या रस्त्याला माझी स्वतःची वखार आहे, पुढे कोबा केलेलं मोठं अंगण आहे, आणि डहाणूच्या बाजारात मला येताना पाहिलं की दुकानदार आधी पंखा लावतो आणि मग बसून घेतो, कारण त्याला माहीत असतं की वेळ लागणार. समोरच्यानं सांगितलेली पहिली गोष्ट मी आयुष्यात कधी मान्य केलेली नाही.

मास्तर कुठल्या शाळेत मास्तर नव्हते. डहाणूतल्या एका फुग्यांच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. अंगानं काटकुळे, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं, पँट पोटाच्या बरीच वर. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला निघतात, हे पाड्यापाड्यांवरून मुली गोळा करत निघाले. मुलींच्या आयांना ते सांगायचे, खेळ अगदी सोपा आहे, द्यायचं आणि निघायचं, एवढंच आहे. 'एवढंच आहे' हे त्यांचं पालुपद. जगातली कुठलीही गोष्ट त्यांना समजावून सांगा, शेवटी ते मान हलवून म्हणणार, एवढंच आहे.

माझ्याकडे ते अंगण मागायला आले तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती आणि गवताचा हंगाम सुरू होत होता. त्यांनी रोजचा दीड तास मागितला. मी म्हटलं, एक तास. ते म्हणाले, बरं. मी म्हटलं, ट्रक आला तर खेळ बंद. ते म्हणाले, बरं. मी म्हटलं, माझी पूर्वा आठवीत आहे, तिला संघात घ्यायचं आणि प्रत्येक मॅचमध्ये खेळवायचं. ते म्हणाले, खेळेल. मग मीच अस्वस्थ झालो. भाव न करणारा माणूस मला झेपत नाही. त्याच्या मनात काय आहे कळत नाही. शेवटी मीच दीड तास कबूल केला.

आठवड्यानं ते परत आले आणि म्हणाले, खेळाआधी अंगणावर दोन पिंपं पाणी मारायला हवं, आणि गठ्ठे दाबायचं यंत्र तेवढा वेळ बंद ठेवायला हवं. मी विचारलं, का. म्हणाले, चेंडू धुळीत नीट उसळत नाही. मी दोन पिंपांवरून एका पिंपावर आणलं, यंत्राचं मात्र मानलं. सौदा चांगला झाला, असं मला वाटलं.

चेंडू. मी ते मानलं. धुरळा रोज माझ्या कपड्यांतून झटकतो, भाकरीबरोबर खातो, त्यामुळे धुरळा चेंडूला बाधतो हे मला पटलं. दुसऱ्या कोणाला बाधत असेल, हे डोक्यातच आलं नाही.

आता त्यांच्या शिकवण्याबद्दल. आमच्याकडे न दाबलेल्या सुट्या पेंढ्या ट्रकवर चढवायच्या असल्या की माणसांची रांग लागते. खालचा पेंढी फेकतो, वरचा झेलतो. खालच्यानं फेकून लगेच बाजूला व्हायचं असतं, नाहीतर मागची पेंढी त्याच्या पाठीत बसते. मास्तर दोन दिवस हे नुसतं बघत बसले. मला वाटलं, माणूस रिकामा आहे. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलींना रांगेत उभं करून नवसूला पुढे आणलं. नवसू म्हणजे माझा सगळ्यात जुना हमाल. तो म्हणाला, "मी काय शिकवू, मास्तर? मला दम खायला बसायचं तेवढं येतं." पण पेंढी त्यानं फेकून दाखवली आणि मास्तरांनी लगेच घंटा वाजवली. म्हणाले, बघा, हा पेंढीकडे बघत नाही, वरच्या माणसाच्या छातीकडे बघतो. आणि दिली की निघतो. हाच आपला डाव. दुसरा डाव नाही.

खरंच दुसरा डाव नव्हता. बाकीच्या संघांचे कोच पाटीवर बाण काढायचे. आमच्या मुलींना तीनच गोष्टी ठाऊक होत्या. चेंडू द्यायचा, देऊन रिंगकडे पळायचं, आणि कोण मोकळी आहे ते बघायचं. रिंग म्हणजे जुन्या पिंपाची कडी होती आणि ती किती उंच लावायची यावरून माझं आणि नवसूचं भांडण झालं होतं, ते असो.

डाव्या हातावर फुगा तोलायचा आणि उजव्या हातानं चेंडू आपटत पळायचं, हा त्यांचा लाडका खेळ. कारखान्यातले रंग बिघडलेले फुगे ते पोतंभर आणत आणि सायकलच्या पंपानं भरत. फुगा पडला की त्या मुलीनं एक कोडं घालायचं आणि बाकीच्यांनी बसून ते सोडवायचं. दर सात-आठ मिनिटांनी बसणं व्हायचंच. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं. दीड तासात पस्तीस मिनिटं मुली बसून होत्या. मी मास्तरांना म्हटलं, अहो, हा खेळ आहे की सत्यनारायण? दर थोड्या वेळानं बसता काय? ते म्हणाले, "बसलेलं पोर ऐकतं, शेठ. पळणारं ऐकत नाही. एवढंच आहे."

एवढंच नव्हतं. पूर्वाचा श्वास खाली यायला तेवढा वेळ लागायचा, आणि ती एकटी बसली असती तर माझ्या नजरेत आली असती. म्हणून बाराच्या बारा मुली बसायच्या. हे मला आज माहीत आहे. हे लिहितानाही ती आतल्या खोलीत अभ्यासाला बसली आहे आणि माझा एक कान तिकडे आहे. वहीचं पान उलटलं की बरं वाटतं. नाही उलटलं की मी लेखणी ठेवून ऐकतो.

त्यांची पहिली मॅच तलासरीला झाली आणि त्यात एक गंमत झाली. मुली इतक्या सुंदर चेंडू देत होत्या की समोरच्या मुली गरगरल्या. पण टाकेना कोणी. रिंगखाली एकटी उभी असलेली मुलगीसुद्धा मागे वळून दुसरीला द्यायची. पाड्यावर ताटात शेवटची भाकरी उरली की कोणी उचलत नाही, प्रत्येक जण दुसऱ्याकडे सरकवतो. तसंच चाललं होतं. वेळ संपली तेव्हाही चेंडू हातोहात फिरतच होता. हरलो ते चार विरुद्ध शून्य असं. असा स्कोअर बास्केटबॉलमध्ये होत नाही म्हणे.

मास्तर रागावले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते उकडलेल्या शेंगांची थाळी आणू लागले. सगळ्यांनी खायच्या आणि शेवटची शेंग न विचारता उचलायची. जी उचलेल तिला टाळ्या. मुली लाजून लाल व्हायच्या. पहिल्या दिवशी एक शेंग अर्धा तास थाळीत पडून होती. शेवटी माझ्या पूर्वानं उचलली. दुसऱ्या दिवशीही तिनंच. माझी छाती फुगली. म्हटलं, रक्त आहे. मास्तरही तिच्याकडे बघून हसले, पण त्या हसण्यात थोडी काळजी होती, आणि मला वाटलं की ते माझ्या मुलीवर जळतात.

जळण्याचं आणखी एक कारण मला दिसत होतं. पुढच्या मॅचेसमध्ये आमचा संघ जिंकू लागला, पण पूर्वाला ते पाच मिनिटं खेळवायचे आणि बाहेर घ्यायचे. परत पाच मिनिटं, परत बाहेर. मी विचारलं तर म्हणायचे, प्रत्येक मॅचमध्ये खेळवीन असं ठरलं होतं, खेळवतोय. शब्द अगदी बरोबर होता. मला माझ्याच धंद्यातल्या युक्तीनं कोणीतरी गाठल्यासारखं झालं. घरी सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हटलं की हा माणूस दिसतो तसा साधा नाही. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्हाला साधं कोण दिसलंय आजवर?"

फेब्रुवारीत पालघरला अंतिम सामना झाला. मी दोन ट्रकची भरती सोडून सुनंदाला आणि नवसूला घेऊन गेलो. पूर्वा पहिली पाच मिनिटं खेळली, दोन वेळा चेंडू रिंगमध्ये टाकला, आणि घंटा वाजली. ती बाकावर जाऊन बसली. मग समोरचा संघ पुढे गेला. मी कठड्यापाशी उभा होतो. मी ओरडलो. माझं अंगण, माझं पाणी, माझी मुलगी, आणि ती बाकावर का, असं मी सगळ्या मैदानाला ऐकू जाईल एवढ्यानं विचारलं. आणखीही काही बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. लोक वळून बघू लागले. मास्तरांनी मान वर केली नाही. पूर्वानं केली. तिनं माझ्याकडे पाहिलं, उठली आणि मास्तरांना काहीतरी म्हणाली. ते नाही म्हणत होते, हे मला लांबूनही दिसत होतं. त्यांनी तिचा हात धरला. तिनं तो सोडवला आणि ती आत गेली.

ती फार सुंदर खेळली. मी टाळ्या वाजवत होतो. पाच मिनिटं झाली, सहा झाली. मास्तर उभे राहून घंटा वाजवतच राहिले, आणि ती त्यांच्याकडे पाठ करून पळत राहिली. मग एकदा तिनं चेंडू दिला आणि निघाली नाही. गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. तिचे खांदे वर-खाली होत होते आणि तोंड उघडं होतं. मला वाटलं, दमली. दुसऱ्याच क्षणी ती खाली बसली.

पुढचं जे घडलं ते मी रोज आठवतो. मास्तर धावत गेले आणि जाता जाता चेंडूंच्या पिशवीतून इन्हेलर काढला. एक मुलगी पूर्वाच्या मागे पाठीला पाठ लावून बसली, तिला टेकायला मिळावं म्हणून. दोघींनी बाकीच्यांना मागे सारून वारा मोकळा केला. सुनंदा बाटली उघडून तिथे पोचलीसुद्धा होती. नवसू कठड्यावरून उडी मारून गेला आणि त्यानं आपल्या टॉवेलनं वारा घालायला सुरुवात केली. मास्तर हळू आवाजात आकडे म्हणत होते आणि ती त्या आकड्यांवर श्वास घेत होती. कोणी घाबरलं नव्हतं. कोणी काही विचारत नव्हतं. प्रत्येकाला आपली जागा माहीत होती. मला एकट्याला कुठे उभं राहायचं ते कळत नव्हतं. तिच्या ओठांचा रंग गेलेला दिसत होता आणि मी कठड्याच्या अलीकडे, हातात भज्यांचा कागद घेऊन उभा होतो.

दवाखान्यातून तिला संध्याकाळी सोडलं. आता ती बरी आहे. डॉक्टर म्हणाले, खेळू शकते, औषध नियमित घ्यायचं, आणि गवताच्या धुळीपासून लांब ठेवायचं. डॉक्टर हे मला सांगत होते आणि सुनंदा मान हलवत होती. तिनं हे आधी ऐकलेलं होतं. महालक्ष्मीला जाऊन येते सांगून ती पूर्वाला घेऊन जायची, ते देवीला नव्हे, डॉक्टरांकडे. तिथे पहिल्यांदा कोणी पाठवलं, तर मास्तरांनी. म्हणजे घरात माहीत, वखारीत माहीत, हमालाला माहीत. ज्याच्या धंद्याच्या धुळीनं मुलगी धापा टाकते, त्याला सोडून सगळ्यांना माहीत.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांच्या घरी भांडायला गेलो. एक खोली, एक कॉट, कोपऱ्यात चेंडू, आणि खिडकीत तसाच इन्हेलर. पण हा जुना, वापरून रंग गेलेला. तेव्हा घंटेचं कारण कळलं. मी आवाज चढवला. ते खाली बघून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, चूक झाली, तिला आत जाऊ द्यायला नको होतं. मी म्हटलं, ती चूक नंतरची. आधीची बोला. मला का सांगितलं नाहीत?

त्यांनी खिडकीतला इन्हेलर उचलून हातात घेतला. मग म्हणाले, "मी तिच्याएवढा होतो तेव्हा मी आमच्या सरांना सांगितलं होतं, शेठ. त्यांनी मला सगळ्यांचे बूट सांभाळायला बसवलं. शाळा संपेपर्यंत बूटच सांभाळले. मी आजवर एकही मॅच खेळलेलो नाही."

ज्या माणसानं माझ्या मुलीला खेळ शिकवला तो कधी खेळलेलाच नाही, हे ऐकून मला आणखी राग यायला हवा होता. आला नाही, म्हणून मी जास्त जोरात बोललो. म्हटलं, तुमचं दुःख तुमच्याजवळ, माझ्या मुलीचा जीव तुमचा नव्हे. माझ्या अंगणात पाऊल टाकू नका. ते म्हणाले, बरं.

घरी येऊन पूर्वाला विचारलं, तू मला का नाही सांगितलंस. ती बूट पुसत होती. म्हणाली, "तुम्ही भाव केला असता, पप्पा."

मी म्हटलं, यात कसला भाव.

"खेळ सोड, मग औषध आणतो. असा."

मी चिडलो, असं काही मी केलं नसतं म्हणालो. पण माझं पहिलं बोलणं नेमकं हेच झालं असतं, शब्दसुद्धा हेच असते, हे मला ठाऊक आहे. तिनं मान वर केली नाही. तेव्हापासून ती माझ्याशी हो आणि नाही एवढंच बोलते.

दहा दिवस झाले. गठ्ठे दाबायचं यंत्र मी तलासरीच्या बाजूला भाड्याच्या जागेत हलवलं आहे. भाडं परवडत होतं म्हणून हलवलं, दुसरं काही समजू नये. अंगण धुऊन घेतलं, मोजून सात पिंपं पाणी लागलं. साडेचारला मुली फाटकाशी येतात, सहापर्यंत उभ्या राहतात आणि जातात. मी नवसूला निरोप घेऊन मास्तरांकडे पाठवला. तो परत येऊन म्हणाला, "शेठ, ते म्हणतात, तुमचा शब्द मोडणार नाही." मी भांडलो तर यांनी भांडायला नको? सगळे असेच 'बरं' म्हणून निघून गेले तर माणसानं बोलायचं कोणाशी?

म्हणून इथे लिहितो आहे, ते वाचतील म्हणून. मास्तर, तुमच्या खोलीतून निघताना दारात मी एक शेवटचं विचारलं होतं. माझी मुलगी, जी घरात कोणाला पायाला लागलेलं सांगत नाही, तिनं तुम्हाला कसं सांगितलं, काय विचारलंत तुम्ही तिला. तुम्ही म्हणालात, काही विचारलं नाही. पहिल्याच दिवशी सगळ्या मुली तोंडानं फुगे फुगवत होत्या, हिचा फुगेना, ती ट्रकच्या मागे जाऊन बसली, आणि तुम्ही जाऊन तिच्या शेजारी बसलात. मग तिनं सांगितलं. एवढंच आहे, म्हणालात, आणि मी तसाच निघून आलो.

एवढंच कसं असेल? त्या ट्रकमध्ये माझा माल होता, त्या दिवशी मी वीस पावलांवर होतो. तुम्ही मला फसवलंत, त्याचं उत्तर तुम्हाला द्यावंच लागेल, आणि ते इथे, माझ्या अंगणात, माझ्यासमोर येऊन द्यावं लागेल. शेजारी बसलात म्हणजे किती वेळ बसलात? पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास? ती बोलायला लागेपर्यंत गप्प किती वेळ राहायचं असतं? मला नीट आकडा सांगा, मास्तर. यात मी एक मिनिटही कमी करून मागणार नाही.